पुरात भरलेला डोह पोकलेन लावून उपसावा का?

ताई, तुम्ही सगळी पार्श्वभूमी दिलीत ते बरं केलंत. नुसतं "नदीतला गाळ काढावा का" असं विचारलं असतंत तर हो किंवा नाही, काहीही सांगितलं तरी ते चुकीचंच ठरलं असतं. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तुमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीला मिळणाऱ्या एका नदीवर. देवळाखाली डोह आहे. तुमच्या लहानपणी ऐन मे महिन्यातही तिथे दोन पुरुष पाणी असायचं, 2021 च्या पुरानंतर जेमतेम कमरेएवढं राहतं. येत्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीला पोकलेन मिळतोय. निघेल तो माल काठावर रचून बांध घालायचा, म्हणजे पाणीही साठेल आणि पुरापासूनही बचाव होईल, असा बेत आहे. डोहावर ऊद, म्हणजे पाणमांजरं येतात, खालच्या डोहात मगर आहे, त्यांचं काय होईल ही तुमची काळजी. आणि "चिपळूणला गाळ काढला, मग आपल्याकडेच का नको" हा सरपंचांचा सवाल.

माझं काम कोकणातल्या नद्या आणि त्यांचं पाणलोट. असे डोह बरेच बघितलेत, भरलेले, उपसलेले आणि उपसून पुन्हा भरलेले. त्यावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकात मिसळल्यात: डोह भरला, उन्हाळ्यात नदीला पाणी राहत नाही, आणि पुराची धास्ती वाटते. तिन्हींची कारणं निराळी. पोकलेनचा उपयोग झालाच तर पहिलीला होईल, तोही काही अटी पाळल्या तर. बाकी दोन्हींना तो उपाय नाही, उलट हात सैल सुटला तर दोन्ही वाढतील.

आधी डोह टिकतो कसा ते बघू, कारण तिथेच सगळी मेख आहे. डोहाच्या खालच्या तोंडाशी उभ्या राहा. पाणी उथळ होऊन जिथून खळाळत पुढे जातं, तिथे नदीच्या पात्रात आडवा कातळ किंवा घट्ट बसलेल्या मोठ्या गोट्यांची रांग दिसेल. मी त्याला डोहाचा उंबरा म्हणतो. उन्हाळ्यात डोहात पाणी किती उंचीवर थांबणार हे तो उंबरा ठरवतो. आणि तळ किती खोल राहणार हे पावसाळ्यातला पूर ठरवतो, कारण पूर चढला की पाण्याचा सगळा जोर डोहाच्या तळाशी येतो आणि तळातली वाळू, बारीक गोटा उचलून पुढे फेकला जातो. म्हणजे तुमचा डोह आजवर नदीनेच दर वर्षी साफ केला. मग आता का करत नाही? एक तर वरून येणारा माल तिच्या ताकदीपेक्षा जास्त झाला असेल, नाहीतर कुठेतरी पुराचा जोर विस्कटला असेल, म्हणजे पात्र कुणी रुंद केलं, वर बंधारा घातला किंवा पुलाच्या कामाला पात्रात भराव टाकला. यातलं नेमकं कोणतं, हे कळल्याशिवाय उपसा करणं म्हणजे दर दोन वर्षांनी पोकलेन बोलावण्याची तयारी ठेवणं.

ते कळायला यंत्र लागत नाही, एक फावडं पुरतं. पाणी उतरलं की डोहाच्या वरच्या तोंडाशी, मधल्या पुळणीवर आणि उंबऱ्याजवळ अशा तीन जागी कोपरभर खड्डा घ्या आणि निघालेला माल गोणपाटावर पसरा. गोटे गुळगुळीत असतील तर ते लांबून, नदीतूनच गडगडत आलेत. दगड टोकदार, ताज्या तुटलेल्या धारेचे असतील तर ते जवळचे आहेत: दरड, रस्त्याच्या कटिंगची माती, नाहीतर कुणीतरी पऱ्यात, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या लहान ओढ्यात लोटलेला राडारोडा. लाल, बोटाला चिकटणारी माती असेल तर वरच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर काहीतरी उघडं पडलंय, डोंगर कापून प्लॉट पाडलेत किंवा खाजगी जंगल एकदम सफाचट झालंय. काळा, कुजका वासाचा चिखल असेल तर गावाचं सांडपाणी आणि साचलेला पालापाचोळा यांच्याकडे बघायचं.

मग उंबऱ्याच्या खालच्या खळाळातला एखादा तळहाताएवढा दगड उलटा करून बघा. तो सहज सुटला आणि खालच्या बाजूला वाळूच्या कणांची घरटी चिकटवलेल्या अळ्या, चपटे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे पळताना दिसले तर नदी जिवंत आहे, मुऱ्या, मळ्या, खवल या माशांना खायला आहे. दगड मातीत रुतून बसलेला असेल, उचलताना चर्रकन आवाज येऊन खालून नुसता गाळ निघत असेल, तर दगडांमधल्या फटी भरल्यात. मासे अंडी घालतात, त्यांची पिल्लं लपतात, ती याच फटींत. डोहाची खोली नंतरची गोष्ट, आधी हे बघायचं.

तुमच्या भागात टोकदार दगड निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. ते पाणी पश्चिमेकडे उतरतं ते सावित्रीच्याच खोऱ्यात. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेची दरड कोसळली, खेडमध्ये पोसरेची. बातमीत आल्या त्या माणसांवर कोसळलेल्या दरडी. निर्मनुष्य डोंगरात त्या रात्री सुटलेल्या लहान दरडींचा माल अजून पऱ्यांमध्ये अडकून पडलाय आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येतो. म्हणून डोहापासून वर, पऱ्यापऱ्याने चालत जा. गावातला एखादा गुराखी बरोबर घ्या, त्याला कुठली उतरण कधी सुटली ते पाठ असतं. मालाचं मूळ वर सापडलं आणि तो अजून सुटाच असेल, तर या वर्षी डोह उपसण्यात अर्थ नाही. दोन-तीन पावसाळे त्याला बसू द्या.

आता उंबऱ्याबद्दल. ठेकेदार आणि कधीकधी इंजिनियरसुद्धा पहिला सल्ला देतात तो "खालचा कातळ फोडला की पाणी झटकन निघून जाईल". एका गावात हे झालेलं मी पाहिलंय. पुराला अडथळा नको म्हणून ब्रेकरने कातळाला हातभर खाच पाडली. पुराच्या उंचीत काही फरक पडला नाही, पण पुढच्या मार्चमध्ये डोहाचं पाणी त्या खाचेपर्यंत उतरलं, काठावरच्या नळपाणी योजनेच्या विहिरीची पातळी त्याच्या मागोमाग गेली, आणि नंतरच्या पावसाळ्यांत नदीने वरच्या बाजूचा तळ खरवडत नेला. नदीचा तळ एका जागी खाली गेला की ती खाच वर वर सरकत जाते. पुढे पुलाचा पाया असो, बंधारा असो की कुणाची विहीर. तेव्हा ग्रामसभेत बाकी काही मांडता आलं नाही तरी उंबऱ्याला हात लावायचा नाही एवढा ठराव तरी करून घ्याच.

पुराकडे येऊ. निघालेला गोटा-वाळू काठावर रचून बांध घालायचा, हा बेत ऐकायला बरा वाटतो. पण सुटा माल पहिल्याच मोठ्या पुरात परत पात्रात येतो, शिवाय तोवर त्याने पात्र अरुंद केलेलं असतं, त्यामुळे पाणी समोरच्या काठावरच्या शेतीत घुसतं. समोरचा काठ दुसऱ्या वाडीचा असेल तर भांडण ठरलेलंच. काठ धरून ठेवणारी उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज यांची मुळं त्या ढिगाखाली गुदमरतात ते वेगळंच. आणि एका दिवसात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला की ते पाणी कुठल्याच पात्रात मावत नाही, तुम्ही कितीही खणा. त्या दिवसासाठी घरं आणि गोठे किती उंचीवर आहेत, आणि रात्री सावध कोण करणार, हेच कामाला येतं.

सरपंचांचा चिपळूणचा दाखला चुकीचा नाही, पण तो इथे लागू पडत नाही. चिपळूण सखल भागात आहे, तिथपर्यंत खाडीच्या भरतीचा परिणाम पोचतो, शहराला लागून पात्रात बेटं तयार झाली होती, आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. महाडचंही थोडंफार तसंच: गांधारी आणि काळ जवळपासच सावित्रीला मिळतात आणि खालून भरती. अशा ठिकाणी साचलेला गाळ काढण्यावर वाद घालता येईल, पण त्याला काही तर्क आहे. तुमचा डोह डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथे नदीला उतार आहे. तो उपसल्याने महाडच्या पुरात बोटभराचा फरक पडणार नाही, आणि तुमच्या गावच्या पुरातही नाही.

उन्हाळ्यातल्या पाण्याचं गणित आणखी निराळं. तुम्ही लिहिलंय की नदी पूर्वी एप्रिलपर्यंत वाहायची, आता जानेवारीतच तुटते. वाहत्या नदीचं हे पाणी डोहातून येत नाही, डोंगरातल्या झऱ्यांतून येतं. सह्याद्रीचा काळा कातळ थराथरांचा आहे. दोन थरांच्या सांध्यात, बरेचदा तांबड्या मातकट पट्ट्याच्या वर, पाणी मुरून साठतं आणि हळूहळू पाझरतं. ते मुरायला वर झाडोरा आणि पालापाचोळा लागतो. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराला वणवा लागत असेल आणि लाकडासाठी उतार एका दमात मोकळे होत असतील, तर पहिल्या पावसाचं पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन खाली धावतं. झरा आटतो आणि डोह भरतो, दोन्ही त्याच एका कारणाने. म्हणून डोह हवा असेल तर आधी डोंगर सांभाळा, असं मी म्हणतो.

इथे एक सावधगिरी. "माथा ते पायथा" म्हटलं की लोक लगेच सलग समतल चर खणायला निघतात, कारण राळेगणसिद्धी, हिवरे बाजारची चित्रं डोळ्यांसमोर असतात. ती गावं कमी पावसाच्या पट्ट्यातली. तिथे पाणी अडवून जिरवणं हाच प्रश्न होता आणि त्यांनी तो सोडवला. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उभे उतार आणि कातळावर मातीचा जाड थर. अशा उतारावर चर खणून पाणी जिरवत बसलात तर ती माती भिजून जड होते आणि दरड सुटायला मदतच होते. कोकणातल्या तीव्र उतारावर मी चर खणू देत नाही. वणवा रोखायला जाळरेषा, राखलेलं रान, लहान पऱ्यांमध्ये हाताने रचलेले कमी उंचीचे दगडी बांध, आणि पावसाळा संपल्यावर ओढ्यावर वनराई बंधारे, एवढं पुरेसं आहे. दिसायला फार नाही, उद्घाटनाला नारळ फोडण्यासारखंही काही नाही, पण पाच-सात वर्षांत झऱ्यावर फरक कळतो.

आता तुमच्या मूळ काळजीकडे, म्हणजे मगर, ऊद आणि मासे. उन्हाळ्यात नदी तुटते तेव्हा दोन्हीकडचे मासे डोहात येऊन थांबतात. पहिल्या पावसात वलगणीला जे मासे चढतात, शेतात आणि पऱ्यात जाऊन अंडी घालतात, ते जगतात याच डोहाच्या जोरावर. वाळण कोंड हा डोह तुमच्याच बाजूला, काळ नदीवर. तिथे वरदायिनीचे मासे म्हणून महाशीर कुणी मारत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळशालाही देवाचे मासे आहेत. या डोहांत मोठाले मासे टिकलेत याचं कारण तिथलं पाणी आणि त्यांना दिलेलं अभय, दोन्ही. तुमचा डोह देवळाखालीच आहे. देवीच्या नावाने डोहापुरती मासेमारी बंद केलीत, आणि ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांना व जिलेटिन फोडणाऱ्यांना गावाने अडवलं, तर एक पैसा खर्च न होता जेवढं साधेल तेवढं पोकलेनने साधणार नाही.

अडचण अशी की पोकलेन पात्रात उतरतो तो मार्च ते मे, आणि नेमका तोच काळ सगळ्यांत वाईट. मगरीण साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि ती पावसाच्या तोंडावर फुटतात. खंड्या आणि वेडे राघू काठाच्या उभ्या मातीत बिळं करून पिल्लं वाढवतात ते साधारण त्याच दिवसांत. मासे डोहात दाटलेले असतात आणि पाण्यात प्राणवायू कमी, त्यात गढूळ केलं की सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसणार. उदांच्या बिळांच्या जागा काठाच्या मुळांत आणि मोठ्या धोंड्यांच्या कपारींत. त्यांच्या खुणा बघायच्या तर पाण्यालगतच्या सपाट खडकावर शोधा: माशाचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे असलेली, उग्र वासाची विष्ठा. ती ताजी असेल तर तो काठ तोडू नका.

मगरीबद्दल गावात भीती असेल, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. पण डोह उथळ आणि गढूळ झाला की मगर गाव सोडून जात नाही, खोल पाणी शोधत कपडे धुण्याच्या जागेपर्यंत येते. खोल, शांत डोह तिचा आणि धुणं-पाणी वेगळ्या उथळ जागी, ही विभागणी कायम राहिली तर दोघांनाही बरं. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. काठावर अंडी असताना तिथे यंत्र घालणं हा गुन्हा होऊ शकतो, हे ठेकेदाराला आधीच लेखी कळवा. वनखात्याला पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

मग उपसावा की नाही? तीन खड्ड्यांत टोकदार, नदीबाहेरून पात्रात आलेला माल निघाला, वरचं मूळ आता शांत झालेलं असेल आणि डोहाचा जुना तळ गावातल्या जाणत्यांना नक्की माहीत असेल, तरच मी हो म्हणेन. तेही दिवाळीनंतर, जानेवारीत नदी तुटण्याआधी, पाणी वाहतं असताना. यंत्र एकाच वाटेने उतरवायचं आणि डोहाच्या वरच्या तोंडाशी पुरात येऊन बसलेली मालाची जीभ तेवढी काढायची. उंबऱ्याकडचा तिसरा हिस्सा, मोठे धोंडे आणि काठावरची झाडं जशी आहेत तशी ठेवायची. जुन्या तळाच्या खाली बादली जाता कामा नये, आणि पंप लावून डोह कोरडा करायचा नाही. निघालेला माल पात्राबाहेर, पुराच्या रेषेच्याही बाहेर गेला पाहिजे. नुसता चिखल निघाला तर मात्र उपसण्याचं नावच काढू नका, डोंगराच्या आणि सांडपाण्याच्या मागे लागा.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोकलेन "फुकट" मिळतोय म्हणजे डिझेल कोण भरतंय, हे विचाराच. नदीतली वाळू आणि गोटा हे गौण खनिज आहे, तहसील कार्यालयाच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नाही. किती ब्रास निघणार, ते कुठे जाणार, रॉयल्टी कोण भरणार, हे तीन प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. या प्रश्नांनंतर यंत्र आलंच नाही तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेल. 2002 च्या कायद्याने ती असायलाच हवी. तिच्या नोंदवहीत हा डोह, त्यातले मासे त्यांच्या गावरान नावांनी, उदांच्या जागा, मगरीचा वावर आणि म्हाताऱ्या माणसांना आठवणारी पाण्याची खोली नोंदवून घ्या. शाळेची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. दोरीला दगड बांधून दर वर्षी दिवाळीनंतर ठरलेल्या पाच जागी खोली मोजा, जागा काठावरच्या झाडांवरून ठरवा. डोह खरंच भरत चाललाय की पुरानंतर स्वतःहून मोकळा होतोय, हे दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीत कळेल, आणि मग सरपंचांशी वाद घालायला तुमच्या हातात आकडे असतील.

तोवर मला तीन फोटो पाठवा: खड्ड्यातला माल गोणपाटावर पसरून, शेजारी चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळेल, उंबरा खालच्या बाजूने, आणि वरच्या पहिल्या पऱ्याचं तोंड. गेल्या पाच-सहा वर्षांत वर कुठे रस्त्याचं काम झालं असेल तर तेही लिहा, कारण बरेचदा उत्तर तिथेच असतं.